रस्त्याला कायमचा माणूस हवा

मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑक्टोबर २०२५ रोजी खड्ड्यांबाबत दिलेला आदेश बहुतेकांच्या वाचनात आला असेल. खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे कुणाचा जीव गेला तर वारसांना ६ लाख रुपये, जखमी झालेल्याला दुखापतीप्रमाणे ५० हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई, आणि खड्डा लक्षात आणून दिल्यापासून ४८ तासांत त्याचा बंदोबस्त. भरपाईचे पैसे पुढे जबाबदार अधिकाऱ्यांकडून आणि ठेकेदारांकडून वसूल करायचे. आदेश चांगला आहे आणि तो यायला फार उशीर झाला. २०१३ ते २०१७ या पाच वर्षांत देशभरात खड्ड्यांमुळे झालेल्या अपघातांत १४,९२६ माणसं गेली, हा आकडा २०१८ सालीच सर्वोच्च न्यायालयासमोर आला होता. त्यातली ३,५९७ एकट्या २०१७ सालातली. केंद्राच्या नोंदीत २०२२ सालीसुद्धा खड्ड्यांच्या नावावर १,८५६ मृत्यू आहेत.

या विषयावरच्या चर्चेत आयुक्त असतात, अभियंते असतात, ठेकेदार असतात, न्यायालय असतं. ज्याच्या हातात फावडं आहे तो कुठेच नसतो. पण ४८ तासांचं घड्याळ सुरू झालं की शेवटी रात्री अकराच्या पुढे एका टेम्पोतून पाच-सहा माणसं उतरतात, आणि तो खड्डा टिकणार की आठवड्याभरात उखडणार हे त्यांच्या हातावर ठरतं. ही माणसं कोण, त्यांना काम कुणी शिकवलं, पुढच्या महिन्यात ती याच रस्त्यावर असतील का, त्यांच्या मालकाला पैसे नेमके कशाचे मिळतात, हे आपण विचारत नाही.

मी एका महापालिकेच्या रस्ते खात्यात कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो आणि त्याच खात्यातून निवृत्त झालो. या नोकरीत माझं एक मत पक्कं होत गेलं. शहरातल्या रस्त्यांच्या रोजच्या देखभालीसाठी महापालिकेची स्वतःची गँग, म्हणजे कामगारांची तुकडी, हवी. कायम नोकरीतली, रीतसर शिकवलेली, ठरावीक रस्त्यांची जबाबदारी असलेली. ती नसेल तोवर कितीही आदेश निघाले आणि कितीही कोटींची तरतूद झाली तरी दर जुलैत आपण तिथेच येणार. नवा रस्ता बांधायचं काम खुशाल ठेक्याने द्या. तो राखायला घरचीच माणसं लागतात.

खड्डा बुजवायला अक्कल लागत नाही, असा सार्वत्रिक समज आहे. घमेलंभर माल टाकला, फावड्याने चोपला, झालं. त्यामुळे हे काम कुणीही करू शकतो आणि म्हणून सगळ्यात कमी दराच्या माणसाकडून करून घ्यावं, अशी पुढची पायरी आपोआप येते. प्रत्यक्षात डांबरी रस्त्यावरचा खड्डा वरून दिसतो त्यापेक्षा आत मोठा असतो. पाणी एखाद्या फटीतून शिरतं, खडीला धरून बसलेलं डांबर सोडवतं, वरून चाकं जातच राहतात, आणि खालचा थर सुटा होत जातो. म्हणून आधी खड्ड्याच्या कडेने पहार ठोकत जायचं असतं. जिथपर्यंत बद्द, पोकळ आवाज येतो तिथपर्यंत रस्ता गेलेला असतो, मग तो वरून कितीही धडधाकट दिसो. तेवढा भाग चौकोनी आखून कडा उभ्या कापून काढायच्या. सुटी खडी, माती, पाणी काढून तळ कोरडा करायचा. तळाला आणि विशेषतः कडांना इमल्शनचा, म्हणजे पाण्यात मिसळलेल्या पातळ डांबराचा, हात द्यायचा आणि ते तपकिरीचं काळं होईपर्यंत थांबायचं. हे थांबणं सगळ्यात आधी गाळलं जातं. त्यानंतर गरम माल (डांबर-खडीचं मिश्रण), खड्डा खोल असेल तर थराथराने, आणि दाबणं कडेकडून मध्याकडे. माल प्लांटवरून निघतो तेव्हा साधारण १५० ते १६५ अंशांवर असतो. नेहमीच्या व्हीजी-३० प्रतीच्या डांबराचा माल पसरताना १४० अंशांच्या खाली उतरलेला नसावा आणि ९० अंशांच्या आत दाबाईचं काम संपलेलं असावं, असं केंद्रीय रस्ते मंत्रालयाची मानकं सांगतात. रहदारीत अडकलेला डंपर, रात्रीचा वारा आणि उशिरा आलेला रोलर या तिघांशी गँगची ही शर्यत असते.

आमच्याकडे एक मुकादम होते. थर्मामीटर माझ्या खिशात असायचा, पण गाडीचा फाळका उघडला की त्यांची नजर आधी मालावर जायची. निळसर धूर निघतोय म्हणजे माल जास्त तापला, डांबर करपलं. चकाकी गेली, फावड्याला ढेकूळ धरायला लागला म्हणजे गार झाला. अशी गाडी ते परत पाठवायचे. ड्रायव्हर भांडायचा, प्लांटवरून फोन यायचा, वरिष्ठांकडून मलाही विचारणा व्हायची, पण गाडी परत जायची. हे कसब त्यांना आमच्यासारखं पुस्तकातून मिळालेलं नव्हतं. बिगारी म्हणून लागून दुसऱ्या मुकादमाच्या हाताखाली ते तयार झाले होते. आणि जितकं महत्त्व त्या कसबाला आहे तितकंच त्या माणसाच्या नोकरीला. गाडी परत पाठवली म्हणून उद्यापासून कामावर येऊ नकोस, असं त्यांना कुणी म्हणू शकत नव्हतं. ठेकेदाराच्या गँगमधल्या माणसाला माल गार झालेला कळत नाही असं मुळीच नाही. त्याला कळतं. बोलायची सोय नसते.

ही ठेक्यावरची माणसं कुठून येतात? मराठवाड्यातून, सोलापूरकडून, कर्नाटकातल्या कलबुर्गी-विजयपुराच्या पट्ट्यातून, तेलंगणातल्या महबूबनगरकडून. वडार समाजाने दगड-मातीची कामं पिढ्यान्‌पिढ्या केली आहेत, बंजारा तांड्यांवरून नवरा-बायको जोडीने रस्त्याच्या कामावर येतात. बाई घमेली वाहते, झाडूने खड्डा साफ करते, आणि तिचं मूल दुभाजकाच्या कडेला गोणपाटावर झोपलेलं असतं. हातात कष्टाचं आणि कौशल्याचं बळ असलेली ही माणसं आहेत. त्यांच्याविरुद्ध माझं अवाक्षर नाही. ज्या रचनेत आपण त्यांना उभं केलंय तिच्याविरुद्ध आहे. आज ही गँग मालाडला, उद्या कुर्ल्याला, हंगाम संपला की गावाला, पुढच्या वर्षी दुसऱ्याच ठेकेदाराकडे. कालचा खड्डा पुन्हा उघडला तर तो त्यांना दिसतच नाही. आणि आपण केलेलं काम कसं टिकलं हे ज्याला कधी दिसत नाही, त्याने ते सुधारायचं कशावरून?

आता पैशाचं गणित पाहू, कारण सगळी मेख तिथे आहे. खड्डे बुजवण्याच्या ठेक्यात बिल निघतं ते बुजवलेल्या क्षेत्रफळावर किंवा वापरलेल्या मालावर. आधीचा फोटो, नंतरचा फोटो, अ‍ॅपवरची तक्रार बंद. तोच खड्डा तीन आठवड्यांनी पुन्हा उघडला तर नवी तक्रार, नवे फोटो. रस्ता दोषदायित्व कालावधीत, म्हणजे बांधणाऱ्याच्या हमीच्या मुदतीत, असेल तर ठेकेदाराला स्वखर्चाने दुरुस्ती करावी लागते, ही चांगली तरतूद आहे, पण तिथेही आधी पत्र, मग स्मरणपत्र, मग नोटीस असा प्रवास होतो आणि तोवर पाऊस थांबत नाही. या सगळ्या व्यवहारात एका कामाचे पैसे कुणालाच मिळत नाहीत, ते म्हणजे खड्डा पडूच न देण्याचे.

देखभाल म्हणतात ती खरं तर याच कामाला. मार्च-एप्रिलमध्ये रस्त्याला बारीक फटी दिसू लागतात. तेव्हाच त्या साफ करून डांबराने भरल्या तर पावसाचं पाणी आत जात नाही. रस्त्याच्या कडेच्या जाळ्या पालापाचोळ्याने आणि प्लास्टिकने तुंबलेल्या असतात. त्या मोकळ्या ठेवल्या तर पाणी रस्त्यावर उभं राहत नाही. एखाद्या ठिकाणी जलवाहिनी झिरपत असते आणि भर उन्हाळ्यात डांबरावर ओलसर डाग दिसतो. तिथे जूनमध्ये खड्डा पडणार हे लिहून द्यावं. मॅनहोलचं झाकण रस्त्याच्या पातळीपेक्षा खाली गेलेलं असतं, प्रत्येक चाक तिथे आपटतं आणि झाकणाभोवती कडं सुटतं. यातलं एकही काम मोठं नाही. एकासाठीही निविदा काढण्यासारखी परिस्थिती नसते. पण ही कामं होण्यासाठी रोज त्याच रस्त्यावरून चालत जाणारा, बघणारा आणि हातात साहित्य असलेला माणूस लागतो. ठेका हंगामापुरता असेल आणि बिल खड्ड्याचं असेल, तर मार्च महिन्यातली फट कोण बघणार?

चरांचंही तेच. गॅस, वीज, पाणी, टेलिफोन, केबल, प्रत्येक जण रस्ता खोदतो आणि चर बुजवण्याचे पैसे महापालिकेकडे भरून मोकळा होतो. चर थराथराने दाबून भरला नाही की पहिल्या पावसात तो खचतो. भरताना तिथे कोण उभं होतं, यावर सगळं अवलंबून असतं.

याउलट आपण दरवर्षी नवं मटेरियल शोधतो. २०१७ साली मुंबईसाठी ऑस्ट्रिया आणि इस्रायलहून कोल्ड मिक्स, म्हणजे न तापवता टाकायचं मिश्रण, आणलं गेलं. पावसातही वापरता येतं म्हणून त्याचा मोठा गाजावाजा झाला. पुढच्याच वर्षी वरळीच्या महापालिकेच्या डांबर प्लांटमध्ये तसा माल बनू लागला. नंतर झटपट घट्ट होणारं काँक्रिट आलं, जिओपॉलिमर आलं, मग मास्टिक अस्फाल्टवर भर आला. प्रत्येक मटेरियलला त्याची जागा आहे आणि मर्यादाही. कोल्ड मिक्स पाण्यात टाकता येतं याचा अर्थ चिखलावर टाकावं असा होत नाही. मास्टिकचा माल तर १७० अंशांच्या पुढे जागेवर शिजवत, ढवळत राहावा लागतो आणि लाकडी फळीने हाताने पसरावा लागतो. ते पूर्णपणे कारागिराचं काम आहे. मुंबईकडे वरळीचा प्लांट आहे, पुणे महापालिकेकडे येरवड्याचा हॉटमिक्स प्लांट आहे. म्हणजे माल स्वतःचा असावा हे शहरांना पटलं. तो टाकणारे हात मात्र भाड्याचे असले तरी चालतील, असं आपण का ठरवलं?

हे काही नवं मागणं नाही. सार्वजनिक बांधकाम खात्यात मैलकुली होते. रस्त्याचा ठरावीक तुकडा आणि त्याची गँग. साइडपट्टी भरायची, गवत काढायचं, मोरीचं तोंड मोकळं ठेवायचं, खड्डा दिसला की मुरूम-खडी टाकून चोपायचा. ती पदं पुढे भरली गेली नाहीत आणि हळूहळू संपत आली. रेल्वेने मात्र हे तत्त्व सोडलं नाही. तिथे कीमन रोज आपल्या वाट्याचा रूळ पायी तपासतो. खांद्यावर पाना-हातोडा, सोबत लाल झेंडा आणि फटाका सिग्नल. रूळ धरून ठेवणारी चावी ढिली दिसली की तिथल्या तिथे ठोकतो, मोठं काही दिसलं तर गाडी थांबवतो. रेल्वेतही ठेकेदारी शिरली आहे, ट्रॅकमनवर कामाचा बोजा आहे, त्यांच्या जिवाला धोका आहे, हे सगळं मान्य. पण रुळाचा प्रत्येक तुकडा नावानिशी कुणाच्या तरी जबाबदारीवर असतो. तक्रार आल्यावर ४८ तासांनी रूळ बघू, असं रेल्वे म्हणत नाही. रस्त्यावर खड्ड्याने माणूस मरतो तेव्हा त्या रस्त्याचा कीमन कोण होता, या प्रश्नाला महापालिकेकडे उत्तर नसतं.

कायद्याच्या बाजूनेही हा मुद्दा लंगडा नाही. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमातलं कलम ६१ आणि राज्यातल्या इतर महापालिकांसाठीच्या १९४९ च्या अधिनियमातलं कलम ६३ ही महापालिकेची बंधनकारक कर्तव्यं सांगतात, आणि सार्वजनिक रस्ते बांधणं व राखणं त्यांत स्पष्ट आहे. म्हणजे महापालिका ज्यासाठी स्थापन झाली त्यातलंच हे एक काम. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतल्या कामाच्या ठिकाणची सुरक्षा आणि आरोग्य यासंबंधीच्या संहितेत, आस्थापनेच्या मुख्य कामात कंत्राटी कामगार ठेवायला मनाई आहे. सफाई, बागकाम, बांधकाम आणि देखभाल ही मुख्य कामं धरू नयेत असंही त्यात म्हटलंय, पण त्याला अट आहे: आस्थापना मुळात त्याच कामासाठी स्थापन झालेली नसेल तर. महापालिका तर त्याच कामासाठी आहे! मग ही मनाई तिला लागू व्हायला हवी, असं मला स्वच्छ वाटतं. अर्थात पळवाटा आहेत. जे काम एरवीच कंत्राटदारामार्फत होत आलंय ते तसंच करायला संहिता मोकळीक देते, आणि अधूनमधून निघणारं काम मुख्य कामातून वगळते. खड्डे बुजवणं हे अधूनमधून निघणारं काम आहे असा युक्तिवाद उद्या कुणी केला तर मला आश्चर्य वाटणार नाही. तो खोडून काढायचा असेल तर देखभाल हे बारमाही काम आहे हे आधी आपल्या सगळ्यांना पटलं पाहिजे.

मुंबईत कचरा उचलणाऱ्या आणि झाडलोट करणाऱ्या २,७०० कंत्राटी कामगारांना कायम करण्यावर २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केलं. कचरा वाहतूक श्रमिक संघाने दीर्घ लढा दिला तेव्हा ते झालं. मधल्या काळात कित्येक कामगारांची उमेदीची वर्षं गेली. सफाई कामगार रोज सकाळी ठरलेल्या चौकीवर हजेरी लावतात, एकमेकांना ओळखतात, म्हणून त्यांची संघटना तरी उभी राहू शकली. रस्त्याच्या गँगला चौकीही नाही आणि हजेरीबुकही ठेकेदाराच्या खिशात. न्याय मागायला एकत्र यावं तर कोणत्या जागी?

त्यांच्या सुरक्षिततेबद्दल बोलताना मला राग आवरत नाही. रस्त्यावर काम चालू असताना वाहनांना आधी किती अंतरावरून सूचना द्यावी, वाहतूक तिरकी वळवत कशी आणावी, मध्ये मोकळी जागा किती सोडावी, हे सगळं इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या एसपी ५५ या मार्गदर्शिकेत आकृत्यांसह दिलंय. रात्री द्रुतगती मार्गावर खड्डा भरणाऱ्या गँगजवळ प्रत्यक्षात काय असतं? दोन-तीन कोन, एक झेंडा घेतलेला पोरगा आणि मागे तिरका उभा केलेला टेम्पो. भरधाव येणारा चालक झोपेत असला तर त्या पोराच्या आणि बंपरच्या मध्ये काही नाही. पायात गमबूट असले तर असले, बऱ्याचदा स्लीपर. १५० अंशांचा माल आणि रबरी स्लीपर! जॅकेट साहेब येणार असले की गाडीतून निघतात. डांबराच्या धुराचं तर कुणी नावही घेत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रस्त्याच्या डांबरीकरणात होणारा धुराचा संपर्क कर्करोगाला कारण ठरू शकणाऱ्या संभाव्य गोष्टींत धरलाय. जो कामगार पुढच्या वर्षी आपल्याकडे असणारच नाही त्याची फुप्फुसं कोण तपासणार? कायम गँग असेल तर दरवर्षीची तपासणी, भाजल्यावरचा उपचार, अपघाताची नोंद हे सगळं खात्यावर बंधनकारक होतं. कामगाराच्या हिताची आणि रस्त्याच्या हिताची वाट इथे एकच आहे.

अंधेरी-मरोळच्या बाजूला भाजी विकणारे दादाराव बिल्होरे अनेकांना माहीत आहेत. २०१५ साली जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावरच्या खड्ड्याने त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा प्रकाश नेला. तेव्हापासून ते स्वतःच्या हातांनी खड्डे भरत आले. त्यांच्यापुढे हात जोडावेसे वाटतात. त्यांचा गौरव झाला, बातम्या आल्या, आणि त्याच वेळी हेच काम पोटासाठी रोज रात्री करणाऱ्या हजारोंकडे आपलं लक्ष गेलं नाही. पोर गमावलेल्या बापाने शहराचे खड्डे भरावेत ही वेळ त्यांच्यावर शहरानेच आणली.

या सगळ्यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. कायम झाला की माणूस काम करत नाही. हा आक्षेप खोटा आहे असं मी म्हणणार नाही. हजेरी लावून गायब होणारे मी पाहिलेत, बदली माणूस पाठवून स्वतः दुसरा धंदा करणारेही. पण त्याच खात्यात, त्याच पगारावर, मध्यरात्री तीन वाजता रोलरमागे उभे राहणारेही पाहिले. फरक बहुतेक वेळा वरच्यांमुळे पडायचा. ज्या गँगला ठरलेले रस्ते होते, साहित्य वेळेवर मिळत होतं आणि अभियंता स्वतः जागेवर येत होता, तिथे कामचुकार माणूस इतरांच्या नजरेत यायचा आणि त्याला ते जड जायचं. जिथे गँग आज इकडे, उद्या सभेचे मांडव घालायला, परवा अतिक्रमणाच्या गाडीवर अशी फिरवली जायची, तिथे कुणालाच काही वाटेनासं व्हायचं. कामाचं मोजमाप करा. किती खड्डे बुजवले हे न मोजता गँगच्या वाट्याच्या रस्त्यांवर पावसाळ्यात किती खड्डे पडले हे मोजा, आणि बढती, बक्षीस, कारवाई त्यावर ठेवा. ठेकेदाराला हे माप लावता येत नाही, कारण त्याचं पोट खड्ड्यावर आहे. पगारी माणसाला लावता येतं.

दुसरा आक्षेप पैशांचा. पगार, भविष्यनिर्वाह निधी, निवृत्तीनंतरचे देय, हे खर्च आहेत आणि ते वाढते आहेत. लहान महापालिकांचं कंबरडं आस्थापना खर्चानेच मोडलंय, हेही खरं. म्हणून मी हजारोंच्या भरतीची मागणी करत नाही. प्रत्येक वॉर्डात दोन-तीन छोट्या गँग, प्रत्येक गँगला एक छोटी गाडी, कटर, प्लेट कॉम्पॅक्टर (दाबाईचं छोटं यंत्र), इमल्शनचा फवारा. बाकी मोठी पुनर्बांधणी ठेक्यानेच. एकच खड्डा हंगामात पुनःपुन्हा भरण्याचा खर्च, वर आता न्यायालयाच्या आदेशाने येणारी भरपाई, आणि गेलेले जीव, हे सगळं एका वहीत मांडून मग तुलना करावी.

तिसरं म्हणणं असं की आता सगळे रस्ते काँक्रिटचे होताहेत, मग खड्डे भरणारे हवेत कशाला? मुंबईत २,००० किलोमीटरहून जास्त रस्ते आहेत. जानेवारी २०२३ मध्ये त्यांतल्या जवळपास ४०० किलोमीटरच्या काँक्रिटीकरणाची ६ हजार कोटींवरची कामं दिली गेली, पुढचा टप्पाही सुरू झाला. काँक्रिटचा रस्ता चांगला झाला तर दीर्घकाळ टिकतो, दहा वर्षांचं दोषदायित्वही आहे. पण त्याला देखभाल लागत नाही ही समजूत धोक्याची आहे. सांध्यांमध्ये भरलेलं सीलंट (फट बंद ठेवणारं लवचीक भरण) वाळून निघतं, पाणी खाली जातं, स्लॅबखालची माती वाहून जाते आणि एक दिवस पॅनेल, म्हणजे दोन सांध्यांमधला काँक्रिटचा तुकडा, डुगडुगायला लागतं. डांबरी आणि काँक्रिट रस्ते जिथे भेटतात तिथे पायरी होते, आणि दुचाकीस्वार तिथेच पडतो. जलवाहिनी फुटली तर पॅनेल कापावं लागतं, आणि घाईने कापून घाईने भरलेलं पॅनेल पुन्हा तडकतं. डांबरात चुकलेलं काम वर्षभरात दिसतं, काँक्रिटमधलं काही वर्षांनी दिसतं, तेव्हा ते दुरुस्त करायला जास्त जाणकार हात लागतात. काँक्रिटीकरण होतंय म्हणूनच गँग आत्ता उभी करायला हवी, दोषदायित्वाची मुदत संपायच्या आत, म्हणजे जुन्या मुकादमांपैकी जे थोडे उरलेत त्यांच्याकडून शिकता येईल.

पुण्यातला जंगली महाराज रस्ता याच चर्चेत हटकून येतो. १९७० च्या दशकात रेकॉन्डो कंपनीने दहा वर्षांची हमी देऊन बांधलेला आणि कित्येक दशकं खड्ड्याविना राहिलेला. उदाहरण अभिमानाचं आहे. बांधणी प्रामाणिक असली तर काय होतं ते त्यातून दिसतं. पण राज्यातल्या शहरांत लाखो लोक वापरतात ते रस्ते तसे बांधलेले नाहीत, आणि जे आहेत तेच आपल्याला पुढची कित्येक वर्षं वापरायचे आहेत.

४८ तासांच्या मुदतीबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. भर पावसात गरम मालाने पक्की दुरुस्ती होत नाही. तेव्हा ४८ तासांत जे होतं ते तात्पुरतं असतं, जीव वाचवण्यापुरतं, आणि ते करायलाच हवं. पण त्या जागेवर उघडीप मिळाल्याबरोबर परत येऊन कडा कापून पक्कं काम करणं हा दुसरा भाग आहे. अ‍ॅपवर तक्रार बंद झाल्यावर त्या जागी परत यायचं कारण ठेकेदाराला उरत नाही. तो रस्ता ज्या गँगच्या नावावर आहे तिच्याकडे ते कारण असतं. आदेशाची अंमलबजावणी करताना तात्पुरती आणि पक्की दुरुस्ती अशा दोन वेगळ्या नोंदी ठेवल्या आणि पक्की होईपर्यंत तक्रार उघडी ठेवली, तर निम्मा घोळ मिटेल.

महापालिकांचे अर्थसंकल्प दरवर्षी फेब्रुवारीच्या आसपास येतात. आपल्या नगरसेवकाला, वॉर्ड अधिकाऱ्याला यंदा एवढंच विचारावं: आपल्या वॉर्डात रस्ते देखभालीची कायम पदं मंजूर किती, भरलेली किती, आणि रिकामी कधीपासून? आपल्या गल्लीचा रस्ता कोणत्या गँगकडे आहे आणि तिचा मुकादम कोण, हे वॉर्ड कार्यालयाच्या फलकावर लिहिलेलं का नाही? खड्डे बुजवण्यावर गेल्या हंगामात जो खर्च झाला त्यातला किती फटी भरण्यावर आणि जाळ्या साफ करण्यावर झाला? ठेक्यावरच्या कामगारांना बूट, जॅकेट, विमा आणि किमान वेतन मिळालं की नाही हे कुणी तपासलं, कोणत्या तारखेला? ही उत्तरं लेखी मागावीत, आणि न मिळाल्यास माहिती अधिकाराचा अर्ज करावा.

भरती होईपर्यंतही थांबायची गरज नाही. आज ठेक्यावर असलेल्या गँगमधले बरेच जण अनेक हंगाम हेच काम करत आलेत. त्यांनाच आधी घ्यावं, वयाची आणि शिक्षणाची अट त्यांच्यासाठी शिथिल करावी, वरळीच्या किंवा येरवड्याच्या प्लांटवर त्यांचं प्रशिक्षण ठेवावं आणि निवृत्त मुकादमांना शिकवायला मानधनावर बोलवावं. आमचे ते मुकादम आज हयात नाहीत. पण त्यांच्या हाताखाली तयार झालेले दोन-तीन जण मला माहीत आहेत, आणि विचारलं तर ते येतील.